ऐन छाटणीत अल्सासला

द्राक्षबागायतदाराने ऑक्टोबरात घर सोडू नये, हे आमच्या निफाड तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. छाटणी, काडीवरचे डोळे म्हणजे कोंब फुटावेत म्हणून लावायची पेस्ट, मग ते फुटायची वाट, त्यात परतीचा पाऊस. त्या दीड महिन्यात आम्ही लग्नाची आमंत्रणंही अंगाला लावून घेत नाही. पण नातीचा पहिला वाढदिवस काही पुढे ढकलता येत नाही. लेक-जावई स्वित्झर्लंडमधल्या बाझलला असतात. धाकट्या भावाच्या हवाली बाग करून मी आणि आमची मंडळी असे दोघं निघालो, आणि वाढदिवस आटोपल्यावर जावई म्हणाले, "नाना, तीन दिवस सुट्टी काढलीय. चला, तुम्हाला फ्रान्समधली द्राक्षं दाखवतो."

द्राक्षं बघायला मी निफाडहून इथवर यायचं? पण जावयाला असं तोंडावर म्हणता येत नाही.

शुक्रवार

बाझलहून गाडीने तासाभरात कोलमार. सीमा कधी ओलांडली कळलंसुद्धा नाही. ऱ्हाईनचं सपाट खोरं, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला मका, उजव्या हाताला लांबवर जर्मनीचं ब्लॅक फॉरेस्ट आणि डाव्या हाताला व्होजचे डोंगर. या डोंगरांच्या पायथ्याशी एक लांबोडका हिरवा-पिवळा पट्टा दिसत होता. जावई म्हणाले, तीच अल्सासची वाईनची पट्टी. गावागावांतून जाणारा तिचा रस्ता १९५३ साली आखला गेला, सुमारे १७० किलोमीटरचा.

मला त्या पट्ट्यापेक्षा डोंगरावरचे ढग आधी दिसले. व्होजच्या माथ्यावर काळेकुट्ट ढग अडकून पडलेले आणि आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. म्हटलं, हे तर आपलंच आहे की! इगतपुरीच्या घाटात पाऊस कोसळत असतो तेव्हा सिन्नरच्या पूर्वेला लोक टँकरची वाट बघतात, तसलाच प्रकार. पश्चिमेचे ढग व्होज अडवतो, सगळं पाणी पलीकडच्या उतारावर पडतं. कोलमारला वर्षाला जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत त्याची गणना होते. द्राक्षाला हेच हवं असतं. बाग इथेच का लागली, हे मला गाडीतून उतरायच्या आत कळलं होतं.

कोलमारमध्ये सगळे जण ज्याचे फोटो काढतात ते कालव्याकाठचं 'छोटं व्हेनिस' पाच मिनिटांत बघून झालं. लाकडी चौकटींची रंगीत घरं, खिडक्यांत फुलं, आणि पुढे माणसांच्या डोक्यांचा समुद्र. मंडळींना आवडलं. मी मात्र जुन्या जकातघराच्या चौकात एका पुतळ्यापाशी थांबलो. चिलखत घातलेला सरदार, आणि वर उचललेल्या हातात तलवार नाही, तर द्राक्षाची मुळ्यांसकट काडी! हा लाझारस फॉन श्वेंडी. सोळाव्या शतकात हंगेरीत तुर्कांशी लढला. पुतळा घडवणारा बार्तोल्डी कोलमारचाच, अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा त्याचाच. दंतकथा अशी की, श्वेंडीने हंगेरीतल्या टोकायहून ही काडी आणली आणि इथे लावली. त्यावरून इथल्या पिनो ग्री नावाच्या द्राक्षाला लोक पिढ्यानपिढ्या 'टोकाय' म्हणत आले. प्रत्यक्षात त्या द्राक्षाचा टोकायशी काडीचाही संबंध नाही. पुढे हंगेरीने हक्क सांगितला आणि २००७ पासून अल्सासच्या बाटलीवर टोकाय हे नाव लिहायला बंदी आली. पुतळा मात्र काडी उंचावून उभाच आहे.

"एका नावासाठी दोन देश भांडले," मी म्हटलं. "आपल्या द्राक्षाला नावच नाही. पेटीवर व्यापाऱ्याचा मार्का."

"नाही कसं?" लेक म्हणाली. "सोनाका काय आहे मग? लहानपणी तुम्हीच पाठ करून घेतलं होतं. सोलापूर, नान्नज, काळे."

खरं होतं. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी बागेत वाण निवडला आणि गावासकट आपलं आडनाव त्यात ओवून टाकलं. तासगावकरांनी गणपतीला स्मरून तास-ए-गणेश केला. मी गप्प बसलो.

दुपारी उंटरलिंडन संग्रहालय. तेराव्या शतकातला जोगिणींचा मठ होता, आता तिथे ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेली इझेनहाईमची वेदी ठेवली आहे. चित्रांतलं मला फार कळत नाही. पण एका फळीच्या कोपऱ्यात फुगलेल्या पोटाचा, अंगभर फोड आलेला एक माणूस पडलाय, त्याच्यापाशी माझे पाय थांबले. मधल्या चित्रात सुळावरच्या ख्रिस्ताची कातडीही तशीच, जखमांनी भरलेली. जावयांनी माहितीची पाटी वाचून सांगितलं: ही वेदी ज्या मठासाठी केली तिथे 'संत अँथनीची आग' नावाच्या रोगाचे रोगी आणून ठेवत. हातपाय जळल्यासारखे काळे पडत, झडत. कारण काय, तर राय नावाच्या धान्यावरची बुरशी. तिचं पीठ भाकरीतून पोटात जायचं.

"अरगट!" मी जरा मोठ्यानेच बोललो. पहारेकरी बाईने वळून पाहिलं. आमच्याकडे बाजरीच्या कणसावर मधासारखा चिकटा येतो आणि मग दाण्याच्या जागी काळी बोंडं धरतात, तो अरगट. जात वेगळी, पण कूळ तेच. माझी आजी बाजरी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगलेली काळी बोंडं काढून फेकायची. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या रोग्यांना कुणी तेवढं सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं. तिथून मला लवकर हलवेना.

शनिवार

सकाळी भावाचा फोन. "दादा, रात्री पाऊस झाला. छाटणी धरू का?" मी म्हटलं, थांब. ओल्या बागेत कात्री घालू नकोस. मग दिवसभर माझं अर्धं लक्ष निफाडच्या आभाळाकडे.

एगिसहाईम हे गाव कोलमारपासून दहा-पंधरा मिनिटांवर. त्याची रचना मी कुठे पाहिली नव्हती. मधोमध छोटी गढी आणि तिच्याभोवती गोल गोल गल्ल्या, गोगलगायीच्या पाठीसारख्या. कुठूनही चालायला लागा, फिरून तिथेच येता. चौकातल्या कारंज्यावर पोप नववा लिओ उभा आहे. त्याचं सरदारघराणं इथलं, म्हणून तो १००२ साली इथेच जन्मल्याचं गाव अभिमानाने सांगतं. छपरांवर करकोच्यांची रिकामी घरटी, बैलगाडीच्या चाकाएवढी. पक्षी उन्हाळ्याअखेरीस आफ्रिकेकडे निघून जातात. १९७० च्या दशकात अल्सासमध्ये त्यांच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या होत्या, नंतर पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडली तेव्हा पुन्हा वाढले. दगडी फरसबंदीत बाबागाडीची चाकं अडकत होती. शेवटी नात मंडळींच्या कडेवर आणि बाबागाडी जावयांच्या खांद्यावर, अशी आमची वरात निघाली.

गावातलं दुसरं-तिसरं घर द्राक्षवाल्याचं. दारावर पाटी, आत या, चाखून बघा. एका कमानीतून आत शिरलो. ऐंशीच्या घरातला म्हातारा, निळा डगला, हातांवर आमच्यासारख्याच चिरा. जावई जर्मन बोलतात. म्हाताऱ्याने आपल्या अल्साशियन बोलीत उत्तर दिलं, त्यांना त्यातलं निम्मं कळलं आणि निम्म्याचा मराठीत अंदाज मिळाला. एवढ्यावर आमचा दीड तास गेला.

म्हाताऱ्याची साधारण वीस एकर बाग, पण एका जागी नाही. तीस तुकडे, चार गावांच्या शिवारात. प्रत्येक तुकड्याला नाव. तळघरात अंडाकृती लाकडी पिंपं, माणसाच्या उंचीहून मोठी, काही त्याच्या आजोबांच्या वेळची. आजी जन्मली तेव्हा हा मुलूख जर्मनीत होता, १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सने गमावलेला. १९१८ ला ती फ्रेंच झाली, १९४० ला हिटलरने पुन्हा जर्मन केली, १९४५ ला पुन्हा फ्रेंच. "घर बदललं नाही, चूल बदलली नाही," म्हातारा म्हणाला, "फक्त पोस्टाचं तिकीट बदलायचं." वडिलांना जर्मन लष्करात जबरदस्तीने भरती करून रशियाच्या आघाडीवर पाठवलं होतं. अशांना इथे 'मनाविरुद्धचे' म्हणतात. अल्सास आणि शेजारचा मोझेल मिळून असे लाखाच्या वर तरुण गेले. हे सांगताना तो पेले पुसत होता. पुसून झालेला पेला त्याने पुन्हा पुसायला घेतला.

चव घ्यायची वेळ आली. मंडळींच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्यासाठी म्हाताऱ्याने न विचारता द्राक्षाच्या रसाची बाटली उघडली. मी घोट घोट घेतली, खोटं कशाला सांगू? रिझलिंग कोरडी, आंबटसर, कैरीची फोड चावल्यासारखी. गेवुर्झट्रामिनरला गुलाबपाण्याचा आणि लिचीचा वास. इथली बहुतेक वाईन पांढरी, आणि बाटलीवर द्राक्षाच्या वाणाचं नाव ठळक, जे फ्रान्समध्ये इतरत्र सहसा नसतं. बाटली उंच आणि सडपातळ, आणि १९७२ पासून कायदा असा की, अल्सासची वाईन अल्सासमध्येच बाटलीत भरायची. टँकरने बाहेर नेऊन कुणी आपलं लेबल चिकटवायचं नाही. हा कायदा मी जावयांना दोनदा विचारून खात्री करून घेतला.

त्याचं कारण आहे. २००१ साली आपल्या राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, तेव्हा वाईनच्या द्राक्षांचं वारं आलं होतं. मीही एका कंपनीशी करार करून एकरभर शिराझ लावली. तीन वर्षं बरी गेली. मग मंदी आली, आणि ऐन तोडणीत कंपनीचा माणूस म्हणाला, टाक्या भरल्यात, माल नको. खायला ती द्राक्षं चालत नाहीत, बारीक आणि बियांची. २०१० साली जेसीबी लावून बाग उपटली. मुळ्या उन्हात पडलेल्या होत्या तेव्हा मी शेतात गेलोच नाही, भावाला पाठवलं. हे मी म्हाताऱ्याला सांगितलं नाही. तो आपल्या दारात, आपल्या पेल्यात, आपल्या नावाने विकत होता. दहा युरोच्या आसपास बाटली. भाव तो सांगत होता, घेणारा नव्हे.

मग मी म्हटलं, बाग दाखव. म्हातारा खुलला. गावामागच्या उतारावर नेलं. तोड पंधरा दिवसांपूर्वीच संपली होती, पानं पिवळी-तांबूस पडत चाललेली. ओळीतलं अंतर माझ्या पावलांनी पाच-सहा फूट, वेलींत तीन-साडेतीन. मंडप नाही, नुसत्या उभ्या तारा, छातीच्या वर पर्यंत. वेल त्यावर सरळ चढवलेली. ऊन कमी, म्हणून पानांना उभं राहून ऊन झेलायचं. आम्ही मंडप घालतो तो घडाला ऊन लागू नये म्हणून. दोन्हीकडे वेल तीच.

एका खांबाच्या बुडाशी निळसर हिरवे डाग दिसले. मी बोट ठेवलं आणि म्हटलं, "बोर्डो?"

"बुयी बोर्दलेज!" म्हातारा ओरडलाच. आणि पहिल्यांदा आम्ही दोघं जावयांशिवाय बोललो. मोरचूद, चुना, शंभर लिटर पाणी, एक-एक किलो, बोटांनी सांगितलं. तो हसून मान डोलवत होता. आमच्याकडे डाऊनी हा बुरशीचा रोग आला की आजोबांपासून बोर्डो मारतात, पण बोर्डो हे फ्रान्समधल्या शहराचं नाव आहे हे अर्ध्या तालुक्याला ठाऊक नसेल. त्या भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, नेमक्या त्याच वेलींवर डाऊनी नाही. १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. चोरांसाठी लावलेलं विष रोगाला लागू पडलं! आणि ती डाऊनी तरी आली कुठून? अमेरिकेहून. मुळं खाणारा फिलोक्सेरा कीडा फ्रान्सच्या बागा फस्त करत होता, म्हणून अमेरिकी खुंटावर कलम करायची युक्ती निघाली आणि मागवलेल्या वेलींबरोबर हा रोग घुसला. म्हाताऱ्याने वेलीच्या बुडाची कलमाची गाठ दाखवली. मी फोनमध्ये आमच्या डॉगरिजवरच्या कलमाचा फोटो दाखवला. तोही खुंट अमेरिकीच.

शेवटच्या चार ओळींत घड अजून लोंबत होते, सुरकुतलेले, काहींवर राखाडी बुरशी. मी म्हटलं, हे तोडायचं राहिलं का? म्हाताऱ्याने डोळा मिचकावला. हे मुद्दाम ठेवलंय. बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, पाणी उडून जातं, साखर उरते. असे कुजके मणी एकेक निवडून केलेली वाईन सर्वांत महाग. १९८४ साली त्याचे कायदेशीर नियमही ठरले. खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढून त्याने मणी चिरडला. यंत्र आमच्या घरी आहे तेच. ते ओक्सलेमध्ये मोजतात, आम्ही ब्रिक्समध्ये. माझ्या हिशेबाने सव्वीसच्या पुढे. आमचा खाण्याचा माल अठराला तोडतो. आणि असला बुरशी लागलेला घड दिसला, तर निर्यातीचा माणूस अख्खा प्लॉट सोडून निघून जाईल.

"नाना, दोन वाजत आले," लेक म्हणाली. तिचा घोर बरोबर होता. गावात परतलो तर चारी हॉटेलांत एकच उत्तर: स्वयंपाकघर बंद, आता संध्याकाळी सातला. पैसे आहेत, खुर्च्या रिकाम्या आहेत, पण जेवण नाही. मंडळींनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पोपच्या कारंज्याच्या कठड्यावर बसून आम्ही जेवलो.

दुपारी कायझर्सबर्ग. अल्बर्ट श्वाइट्झर १८७५ साली इथे जन्मला. आफ्रिकेत दवाखाना काढणारा, १९५२ च्या शांततेच्या नोबेलचा मानकरी. गावावर पडका किल्ला आणि त्यामागच्या उभ्या चढावर ग्रॅनाइटच्या बांधबंदिस्तीवर वेली. हा श्लॉसबर्ग, १९७५ मध्ये 'ग्रां क्रू' हा मान मिळालेली अल्सासमधली पहिली जमीन. आज अशा एक्कावन्न जमिनी आहेत. मान माणसाला नाही, कंपनीला नाही, उताराला. बांधावर चढायचा माझा बेत गुडघ्यांनी हाणून पाडला.

रिकवीरला पोचेपर्यंत अंधारलं. १२९१ सालचा डोल्डर बुरूज, त्याखालून जाणारी एकच मोठी गल्ली, आणि दर दुसऱ्या दुकानात करकोच्याची कापडी बाहुली. फार सजवलेलं गाव. पण तिथे फ्लामेकुश मिळाली: पापडासारखी पातळ पोळी, वर सायीसारखं घट्ट पांढरं आणि कांदा, लाकडाच्या भट्टीतून थेट पाटावर. डुकराच्या मांसाचे तुकडे घालू नका हे जावयांनी तीनदा बजावलं. मंडळींनी दोन खाल्ल्या आणि कांदा जरा कच्चा आहे असा शेरा मारला.

रविवार

परतीच्या वाटेवर सिगोल्सहाईमच्या टेकडीवर थांबलो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या टेकडीसाठी झुंज झाली. कोलमार २ फेब्रुवारी १९४५ ला सुटलं, तोवर सिगोल्सहाईम आणि बेनवीर ही गावं जवळपास भुईसपाट झाली होती. म्हणून ती आज एवढी नवी, सपाट भिंतींची दिसतात, आणि जवळचंच रिकवीर चित्रातल्यासारखं. टेकडीवर फ्रेंच सैन्यातल्या दीड हजारांहून अधिक जवानांची थडगी अर्धवर्तुळात. त्यांत उत्तर आफ्रिकेतून आणलेले बरेच, त्यांचे दगड वेगळ्या घाटाचे आणि वेगळ्या दिशेला तोंड केलेले. कठड्याच्या लगेच खाली द्राक्षाची बाग सुरू. एकाही वेलीचं वय ऐंशीच्या वर नसणार, हे बुंध्यावरून कळत होतं.

तिथे फोन वाजला.

"दादा, उघडलं. कालपासून कडक ऊन. काडी तपासणीचा रिपोर्टही आला, पाचव्या-सहाव्या डोळ्यात घड आहे."

वारा होता, दोनदा विचारावं लागलं. खाली पिवळ्या ओळी ऱ्हाईनपर्यंत गेलेल्या. हिवाळ्यात बर्फ पडेल, या वेली चार महिने झोपतील आणि वसंतात सगळे डोळे एकदम उघडतील. आमच्या वेलीला झोप माहीत नाही, तिला पेस्ट लावून जागं करावं लागतं.

"सहाव्या डोळ्यावर छाटून घे," मी म्हटलं. "उद्या सकाळी उताराच्या बाजूने सुरू कर. आणि पेस्ट करणाऱ्यांना हातमोजे दे, मागच्या साली दिले नव्हते."